जास्तीचं कडवं

सीडी प्लेअर बंद पडला त्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "बोलत नाही गं हा."

मी नुकतीच कामावरून आले होते. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये मी नोकरी करते. कारखान्यांतले दाबमापक, वजनकाटे, थर्मामीटर आमच्याकडे येतात आणि ते खरं सांगतात की नाही हे आम्ही तपासतो. त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं की आई ते माझ्यापुढे ठेवते. मिक्सर असो, घड्याळ असो, नाहीतर शेजारच्या मालनकाकूंचं ब्लडप्रेशरचं मशीन.

मी प्लेअरचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. प्लग बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली. ट्रेही बाहेर येईना.

"गेला हा," मी म्हटलं.

"गेला म्हणजे? अगं, पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे."

कार्यक्रम म्हणजे पप्पांना जाऊन वर्ष होणार होतं, त्याचं पुण्यानुमोदन. त्या दिवशी सगळ्यांसमोर पप्पांचं गाणं लावायचं, हे आईने कधीच ठरवून टाकलं होतं.

माझे वडील चांगदेव अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते आणि रविवारी गायन पार्टीत गात. जयंतीला, लग्नाला, मृत्यूनंतरच्या जलदानाला, कुठेही बोलावणं आलं की पार्टी निघायची. पप्पा मुख्य गायक, मारुतीकाका ढोलकीवर, आई आणि दोघी-तिघी जणी कोरसला. रिटायर झाल्यावर पप्पांनी आयुष्यातली एकमेव चैन केली. एक भारी अँप्लिफायर, लाकडी पेटीतले दोन मोठे स्पीकर आणि हा सीडी प्लेअर. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये त्या स्पीकरांनी एका माणसाची जागा अडवली. आई कुरकुरली आणि मग रोज स्वतःच्या पदराने ते पुसू लागली.

पार्टीने कल्याणच्या एका छोट्या स्टुडिओत गाण्यांचा अल्बम केला होता. रेकॉर्डिंग आटोपल्यावर थोडा वेळ उरला, तेव्हा पप्पांनी अल्बमबाहेरचं एक गाणं म्हटलं. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वतः रचलेलं. मी काय काम करते हे त्यांनी विचारलं होतं. हवेचा दाब मोजते, असं मी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गाणं तयार होतं: *लेक माझी मोजते गं वाऱ्याचं वजन.* त्यावर कोरस: *मोजते गं, मोजते.* स्टुडिओवाल्याने ते गाणं एका डिस्कवर टाकून पप्पांना भेट दिलं. तेवढी एकच डिस्क. स्टुडिओ पुढे बंद झाला.

"कसं वाटलं?" पप्पांनी मला विचारलं होतं.

"वजन नाही पप्पा, दाब," मी म्हटलं होतं.

ते गेल्यापासून आई रोज दुपारी जेवण झाल्यावर हे गाणं लावायची. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की मला ते ऐकावं लागायचं. बिल्डिंगमधली मुलं जिन्यात मला पाहून "मोजते गं, मोजते" करायची. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे, नळ सोडायचे. प्लेअर बंद पडला त्यानंतरच्या रविवारी दुपारी घर शांत होतं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आणि मला बरं वाटत होतं. पुढे जे झालं त्यात हे बरं वाटणं सुटून जाऊ नये, म्हणून सांगते.

लॅबमध्ये आमचा एक नियम आहे. आलेल्या उपकरणाला हात लावण्याआधी ते जसं आलं तसं तपासायचं. पुसायचंही नाही. ते पहिलं रीडिंग एकदा हातचं गेलं की परत मिळत नाही.

घरी मी तो नियम पाळला नाही. कल्याणला एक दुकानदार जुना प्लेअर घेऊन त्याबदल्यात दुसरा देतो, असं कळलं होतं. शनिवारी सकाळी मी आमचा प्लेअर एका खोक्यात भरला. आईने विचारलं, "आत डिस्क नाही ना?"

गाण्याच्या डिस्कची डबी स्पीकरवर होती. तिच्या झाकणातून आतली चकाकी दिसत होती.

"डबीत आहे," मी म्हटलं.

डबी मी उघडली नाही. आमच्या घरात चहाच्या डब्यात रवा असतो आणि रव्याच्या डब्यात औषधं. आई हाताला येईल त्यात हाताला येईल ते ठेवते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

खोकं उचललं तेव्हा आत काहीतरी सरकलं. हलका, पातळ आवाज. मी खोकं खाली ठेवलं. पुन्हा उचललं आणि कानाशी धरून हलवून पाहिलं. पुन्हा तोच आवाज. ट्रेचा पट्टा तुटला असेल, असं मी ठरवलं. प्लेअरच्या झाकणाला चार स्क्रू होते आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या पर्समध्येच होता. आई आंघोळीला गेली होती. मी खोक्यावर चिकटपट्टी लावली आणि निघाले.

नयनभाईंचं दुकान कल्याण पश्चिमेला एका जुन्या बिल्डिंगच्या पोटमाळ्यावर होतं. जुने रेडिओ, टेप, स्पीकरचे सांगाडे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा आणि सोल्डरचा वास.

"सीडी?" नयनभाई हसले. "ताई, आजकाल लोक सीडी विचारतात ते गॅलरीत टांगायला. कबुतरं पळतात. ब्लूटूथ घेऊन जा ना, मस्त छोटासा. आईला पण जमेल."

"सीडीच पाहिजे."

"कोण ऐकतं?"

"आई."

"आईसाठी असेल तर मग दाखवतो," म्हणत त्यांनी तीन प्लेअर काउंटरवर मांडले. एक खरं तर डीव्हीडी प्लेअर होता. हलका, आवाज कोरडा. दुसरा चंदेरी, दिसायला देखणा, पण त्याचा ट्रे बाहेर येताना दात खाल्ल्यासारखा वाजायचा. तिसरा काळा, जड, जपानी. त्याच्या पुढच्या पट्टीवर हिरवे आकडे होते आणि ट्रे अजिबात आवाज न करता सरकायचा.

मी त्यांच्याकडे ओरखडे पडलेली डिस्क मागितली.

"कमाल आहे! लोक नवीकोरी लावून बघतात."

"आमची डिस्क जुनी आहे."

पहिले दोन प्लेअर ओरखड्यावर अडखळले. तिसरा सरळ वाजत गेला. हे कसं होतं ते मला माहीत होतं. डिस्कवरचा काही भाग वाचता आला नाही, तर चांगला प्लेअर आधीचा आणि नंतरचा आवाज पाहून मधल्या जागी काय असेल याचा अंदाज करतो आणि ती जागा भरतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही की तिथे काही नव्हतं.

मी नयनभाईंना तसं सांगितलं.

"म्हणजे जे नाही ते पण वाजवतो!" ते खूश झाले. "हाच घ्या ताई. असा माणूस पण नाही मिळत."

मी तोच घेतला. आमचं खोकं त्यांनी न उघडताच कोपऱ्यातल्या भंगाराच्या ढिगावर ठेवलं. ते ठेवतानाही आत काहीतरी सरकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन जोडणी केली. मग डबी उघडली.

आत वंदनेची डिस्क होती. त्रिशरण, पंचशील.

आई स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. मी जिन्यात जाऊन नयनभाईंना फोन लावला.

"अरे ताई, दुपारीच गाडी आली ना. विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याची. सगळा माल उचलून नेला. का, काय झालं?"

"आत एक डिस्क राहिली."

"कसली?"

मी काय सांगणार होते? "घरातली," मी म्हटलं. विचारून बघतो, म्हणाले.

मी बऱ्याच वेळाने वर आले तर आई स्वयंपाक आटोपून बाहेर आली होती. तिने केस विंचरून पांढरी साडी नेसली होती. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली होती, खाली पप्पांच्या फोटोला ताजा हार घातला होता. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लाव."

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. त्याऐवजी मी दुसरं तयार केलं: जुन्या डिस्क खराब होतात आई, नवा प्लेअर त्या वाचत नाही. ते खरं वाटावं म्हणून मी रिकामा ट्रे बाहेर काढला, तिच्याकडे पाठ करून डिस्क ठेवल्यासारखं केलं, ट्रे आत ढकलला आणि बटण दाबलं.

पट्टीवर 'नो डिस्क' यायला हवं होतं. हिरवे आकडे चालू झाले. एक सेकंद, दोन, तीन. खोलीत काहीच आवाज नव्हता.

"बघ ना आई, हा..." मी वळले.

आईने डोळे मिटले होते. तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. थोड्या वेळाने ती कोरसच्या जागी हळूच म्हणाली, "मोजते गं, मोजते."

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने डोळे न उघडता मला गप्प राहण्याची खूण केली.

आकडे थांबले तेव्हा तिने पदराने डोळे टिपले. "किती स्वच्छ आहे गं आवाज. सुरुवातीला ते खाकरतात ना, ते जुन्यात कधी ऐकू आलं नव्हतं."

आईचं वय झालंय, सवयीने तिला ऐकू आल्यासारखं वाटत असेल, असा अर्थ मी लावला. तो अर्थ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. मालनकाकू वाटीभर आमटी घेऊन आल्या, दारातच थबकल्या आणि गाणं संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. खोलीत पंखा फिरत होता. खाली कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. यापलीकडे मला काही ऐकू येत नव्हतं.

"चांगदेवभाऊंचा आवाज म्हणजे..." काकू म्हणाल्या. "अमृता, तू नशीबवान आहेस हो. आमच्या बापाने आमच्यावर शिवीसुद्धा रचली नाही."

आई खळखळून हसली. खूप दिवसांनी हसली.

मी लॅबमधून आवाज मोजायचं मीटर गेटपास करून घरी आणलं. आदल्याच आठवड्यात तपासलेलं होतं, त्याच्याबद्दल शंका नव्हती. आईने गाणं लावलं आणि मी ते स्पीकरसमोर धरलं. आकडा चढला. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाइतका. मग पडला, पुन्हा चढला. श्वास घ्यायला थांबावं तिथे पडत होता. मी स्पीकरची जाळी काढून पडद्यावर बोटं टेकवली. पडदा हलत होता, एखाद्या जनावराच्या पोटासारखा. माझ्या बोटांना ते कळत होतं. कानांना नाही.

मी मागची वायर ओढून काढली. आकडा खाली आला.

"अगं, बंद का केलंस?" आई म्हणाली.

माझ्या कानांत दोष नव्हता. कुकरची शिट्टी, काकूंच्या घरातली सिरियल, कोपरला थांबणाऱ्या गाडीचा भोंगा, सगळं ऐकू येत होतं. मोबाइलवर मी ते गाणं रेकॉर्ड केलं. ऐकलं तेव्हा त्यात फक्त पंखा होता. ते मी सुमितला पाठवलं. सुमित माझा धाकटा भाऊ, लग्नानंतर पुढच्या स्टेशनला, दिव्याला राहायला गेलाय.

त्याचा लगेच फोन आला. "ताई, कडक! एकदम समोर बसून गातायत असं वाटतंय. मी गाडीत ऐकलं, बाजूचा माणूस पण विचारायला लागला, कोण गातंय. कुठला प्लेअर घेतलास?"

"जपानी आहे. सेकंडहँड."

"मानलं तुला. मी तर म्हणत होतो पेनड्राइव्हवर टाका नि विषय संपवा." मग जरा थांबून तो म्हणाला, "काय गं, गप्प का? रडतेस का?"

"नाही."

"रड की. तुझंच गाणं आहे."

मी त्यालाही सांगितलं नाही. काय सांगणार? घरात मी सोडून सगळे सुखी होते. आई दोन घास जास्त खात होती. मी कामावर असताना एक बटण दाबून ती गाणं लावायची आणि ट्रे कधी उघडायची नाही. उघडायची गरजच नव्हती, तिच्या दृष्टीने डिस्क आत होती. मी मात्र कामावरून आले की आधी प्लेअरकडे बघायचे. ट्रे उघडून पाहायचे. रिकामा. बंद करायचे.

कार्यक्रमाच्या आधी नयनभाईंचा फोन आला. डिस्क सापडली होती. मी विठ्ठलवाडीला गेले. भंगारवाल्याचं घर दुकानाच्या वरच होतं. त्याच्या बायकोने गॅलरीतून दोरा तोडून डिस्क काढली आणि माझ्या हातात दिली.

"कबुतरांसाठी लावलेली," ती ओशाळून म्हणाली. "मशीन फोडलं तर आत निघाली. चांगली फिरायची वाऱ्यावर."

भोकात दोऱ्याची गाठ तशीच होती. मागच्या बाजूने रंग उडाला होता, पण पप्पांनी स्केचपेनने काढलेली अक्षरं वाचता येत होती. माझं नाव होतं. मी गाठ सोडवली आणि डिस्क रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. चूक दुरुस्त करता येईल असं तेव्हा मला खरंच वाटलं. खरी डिस्क ट्रेमध्ये ठेवायची, म्हणजे जे जसं होतं तसं होईल. मग कोणाला काही सांगायची गरजही राहणार नाही.

रविवारी सकाळी बौद्धाचार्य आले. वंदना झाली. खीर झाली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुमित आणि त्याची बायको रसिका, मालनकाकू, बिल्डिंगमधले लोक आणि भिंतीशी मांडीवर ढोलकी घेऊन मारुतीकाका.

"जय भीम, सायंटिस्ट," काका म्हणाले. "अजून वारा मोजतेस का? पगार पण वाऱ्यावरच देतात?"

सगळे हसले. आई म्हणाली, "अमृता, लाव आता."

मी सगळ्यांकडे पाठ केली, रुमालातून डिस्क काढून ट्रेमध्ये ठेवली आणि बटण दाबलं.

पेटीचा सूर आला. मला ऐकू आला.

मग ढोलकी. मग पप्पांची ओळ यायला हवी होती, तिथे नुसती पेटी आणि ढोलकी पुढे जात राहिली. आणि मग कोरस. आईचा तेव्हाचा आवाज, उंच, न थकलेला: *मोजते गं, मोजते.* पुन्हा पप्पांच्या जागी काही नाही. पुन्हा कोरस. चारपाच माणसं मिळून कोणाला तरी उत्तर देत होती आणि तो माणूस तिथे नव्हता.

खराब झालेली डिस्क अडखळते. ती निवडून एकालाच गप्प करत नाही.

"ताई, लागलं नाही वाटतं," सुमित मागून म्हणाला.

मी वळून पाहिलं. सगळे वाट पाहत होते. आई मान पुढे करून बसली होती. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

मी ट्रे उघडला. डिस्क ओढणीत घेतली. रिकामा ट्रे बंद केला आणि बटण दाबलं.

माझ्यासाठी खोली शांत झाली. त्यांच्यासाठी गाणं सुरू झालं.

मारुतीकाकांनी मान डोलावली आणि ढोलकीवर थाप दिली. ती मला ऐकू आली. कोरसच्या जागी सगळ्या खोलीने "मोजते गं, मोजते" म्हटलं, तेही ऐकू आलं. मध्ये काका हळू वाजवायचे, सगळे स्पीकरकडे पाहायचे, कोणी हसायचं, कोणी मान हलवायचं. मग पुन्हा सगळे एकदम. आत्ताच डिस्कवर जे ऐकलं होतं तेच माझ्यासमोर घडत होतं. तीच रिकामी जागा, फक्त माझ्यापुरती.

शेवट आला. काकांनी मोठी थाप देऊन हात उचलला.

आणि घाईने परत ढोलकीवर ठेवला.

खोलीत कोणीतरी "अरे" म्हणालं. काका आता डोळे बारीक करून, अंदाजाने वाजवत होते. कोणी हसत नव्हतं. कोरसला या वेळी आई एकटीच म्हणाली.

हिरवे आकडे थांबले.

"चांगदेवनं आज एक कडवं जास्त घेतलं," मारुतीकाका म्हणाले. "हे मी वाजवलेलं नाही कधी."

"डिस्कवर असेल ना काका," सुमित म्हणाला. "आपण शेवटपर्यंत ऐकलं नसेल."

"मी होतो ना स्टुडिओत. मी वाजवलंय ते."

मी सुमितला गॅलरीत नेलं. "काय म्हणाले पप्पा त्या कडव्यात?"

"तू तिथेच होतीस की."

"माझं लक्ष नव्हतं."

"कायतरी खोक्याचं होतं. मला पण नीट नाही समजलं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरी आहेस ना?"

लोक गेले. आई भांडी विसळायला बसली. मी पुसून ठेवत होते. विसळता विसळता ती गुणगुणायला लागली, नवं गाणं पाठ करताना करते तशी, अडखळत. तिच्या आवाजात मला ते ऐकू येत होतं.

*खोकं हलवून पाहिलं लेकीनं, आत मीच वाजलो.*

"खोकं कसलं गं?" आईने विचारलं.

खोकं हलवलं त्या वेळी खोलीत मी एकटीच होते. आई आंघोळीला गेली होती.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही लागला अर्थ. पुढचं पण आहे म्हणतात ते. 'उरलेलं उद्या' म्हणाले शेवटी. गाण्यात असं कोणी म्हणतं का?" ती स्वतःशीच हसली. "पण ते पहिल्यापासून तसेच. एकदा बसले की उठायचं नाव नाही."

आज मी रजा घेतली. डिस्क माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. जेवण झाल्यावर आई खुर्चीत बसली, मी तिच्यासमोर बसले. मी म्हटलं, "आई, मला तुला एक सांगायचंय."

"थांब, हे होऊ दे," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

आकडे पुढे जाऊ लागले. ती डोळे मिटून ठेका धरत होती. कोरस म्हणत होती. मी आकड्यांकडे पाहत होते. गाणं जिथे संपायचं ते गेलं. कालचं कडवं जिथे संपलं तेही गेलं. आकडे चालूच होते.

आईच्या बोटांचा ठेका थांबला.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत ऐकत होती. मग तिने एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, पलीकडे मालनकाकूंचं दार होतं. घरातलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून करतो तसं, हात लांब करून तिने आवाज कमी केला.